शाकाहारी घरांतील खेळाडू मुले : त्यांचे अन्न व पाणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या स्नेहसंमेलनात शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि विवाहखर्च या तीन विषयांवर आजवर इतके बोलून झाले आहे की, चौथा विषय काढणाऱ्याने आधी क्षमा मागावी हेच उचित. तरीही ते धाडस आम्ही करीत आहोत, आणि त्यास निमित्त मंडळाच्याच गुणगौरव समारंभाने दिले आहे. पूर्वी या समारंभात केवळ परीक्षांचे गुण वाचले जात. अलीकडे त्या यादीत खो-खो, कबड्डी, मल्लखांब, धावणे, पोहणे, बॅडमिंटन यांत जिल्ह्यापर्यंत किंवा राज्यापर्यंत मजल मारलेली मुलेमुली येऊ लागली आहेत, आणि त्यांत मुली मुलांहून मागे नाहीत. ही गोष्ट अभिमानास्पद खरीच. परंतु ती यादी जरा बारकाईने वाचणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसेल. एका वर्षी टाळ्यांच्या गजरात ज्यांची नावे घेतली, त्यांपैकी काहींची नावे दोन वर्षांनी ऐकूच येत नाहीत. आईवडिलांस विचारावे तर ठरावीक उत्तर मिळते : दमायला लागली, दहावीचे वर्ष आले, सोडून दिले. दहावीच्या वर्षापुढे आमचा इलाज नाही. परंतु ‘दमायला लागली’ हे उत्तर वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांसारख्यांनी निमूटपणे ऐकून घेण्याजोगे नव्हे. तेरा-चौदा वर्षांची निरोगी मुलगी विनाकारण दमत नसते.

आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरे शाकाहारी आहेत, आणि घरात हा प्रश्न निघाला की चर्चा तत्काळ वेगळ्याच वळणास जाते. क्रीडाशिक्षक सांगतात, रोज दोन अंडी खा. आजीबाई सांगतात, आपल्या घरात ते चालावयाचे नाही. मुलगा दोघांसही होकार देतो आणि सायंकाळी मैदानावरून परतताना नाक्यावरच्या गाडीवर बुर्जीपाव खाऊन, चूळ भरून घरी येतो. आम्हांस येथे कोणाचीच बाजू घ्यावयाची नाही. ज्यांस अंडी खावयाची असतील त्यांनी ती उघडपणे खावीत. ज्यांस खावयाची नसतील त्यांनी न खाता खेळावे. मात्र न खाता खेळावयाचे तर त्याचा हिशेब ठाऊक हवा. शाकाहारावर उत्तम खेळता येते की नाही, हा वाद आता जुना झाला. ऑस्ट्रेलियाचा जलतरणपटू मरे रोझ हा बालपणापासून शाकाहारी. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्याने तीन सुवर्णपदके मिळविली. परंतु त्याच्या आईवडिलांनी त्याच्या आहाराचा जाणीवपूर्वक विचार केलेला होता. आपण ज्यास शाकाहार म्हणतो, तो पुष्कळदा पोळी, बटाट्याची भाजी आणि चहा एवढाच असतो.

हिशेबच मांडून पाहू. नववीत शिकणारी, ४४ किलो वजनाची, रोज दीड-दोन तास सराव करणारी एक मुलगी घ्या. पहाटे चहा व बिस्किटे घेऊन ती मैदानावर जाते. डब्यात दोन पोळ्या व भाजी. रात्री दोन पोळ्या, पातळ वरण, थोडा भात. या सर्वांतून तिच्या पोटात २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने जातात. त्या वयाच्या, न खेळणाऱ्या मुलीस सुमारे ४३ ग्रॅम लागतात. आणि नियमित सराव करणाऱ्यास किलोमागे १.२ ग्रॅमपासून वर, म्हणजे हिला निदान ५३ ग्रॅम तरी हवीत. ही निम्म्याची तूट आहे, आणि ती भरून काढावयास घरात काहीही क्रांती करावी लागत नाही. मोठा पेला दूध म्हणजे ८ ग्रॅम, मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ म्हणजे सुमारे ७, मूठभर भाजलेले शेंगदाणे म्हणजे ७, वाटीभर दही म्हणजे ४. वरण पातळ न करता घट्ट ठेवले की आणखी २-३. हिशेब जमला! गव्हातांदळात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणे ते धान्यात असते. वरणभात, खिचडी, थालीपीठ, इडली या पदार्थांस हे शास्त्र न शिकताच साधलेले आहे. तूट येते ती पदार्थांमुळे नव्हे, तर पानावर डाळीचे प्रमाण नाममात्र असते म्हणून. आणि एक गोष्ट भगिनींनी क्षमा करून ऐकावी : पुष्कळ घरांत उसळीची दुसरी वाटी मुलाच्या पानात जाते आणि मुलगी आईबरोबर मागाहून, उरलेले जेवते. मुलगी खेळाडू असो वा नसो, ही प्रथा आम्हांस पसंत नाही.

प्रथिनांची चर्चा हल्ली दुकानदारही करतात, कारण त्यांस डबे विकावयाचे असतात. त्या डब्यांविषयी आमचे मत थोडक्यात सांगतो. बहुतेक भुकटी ही दुधाच्या निवळीतून किंवा सोयाबीनमधून काढलेली असते. तिच्यात विष नाही, तसे अमृतही नाही. जे काम शेंगदाणे, दूध व उसळ करतात, तेच ती अधिक पैसे घेऊन करते. भेसळीचे व उत्तेजक द्रव्ये मिसळल्याचे प्रकार मात्र जगभर उघडकीस आले आहेत, आणि उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेल्या खेळाडूस ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव सहसा तारत नाही. वाढत्या वयाच्या मुलांनी तिच्या वाटेस जाऊ नये.

आता लोहाकडे येऊ, कारण ‘दमायला लागली’ याचे मूळ आम्हांस बहुधा तेथे सापडते. एक मुलगी आमच्याकडे आणली गेली होती. पंधराशे मीटर धावणारी. वर्षभरात तिची वेळ सुधारण्याऐवजी वीस सेकंदांनी घसरली होती. तिच्या शिक्षकांनी तिला आळशी ठरविले होते, घरच्यांनी ‘मोबाईलचे वेड’ असे निदान केले होते, आणि मुलीनेही स्वतःस तसेच समजावयास आरंभ केला होता. हिमोग्लोबिन तपासले तर ते ९.६! त्या वयात १२ हवे. पळताना रक्ताने स्नायूंस प्राणवायू पोहोचवावयाचा, आणि तो वाहून नेणारी गाडीच चार-पंचमांश भरलेली. अशा स्थितीत ती रोज पहाटे उठून मैदानावर जात होती, यास आळस म्हणावे की काय, हे आपणच ठरवा. गोळ्या व आहार यांनी तिला पूर्ववत होण्यास चार महिने लागले. आज ती पुन्हा धावते आहे.

ही एकटीचीच कथा नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९, आणि मुलांपैकी शेकडा ३१ रक्तक्षयी आढळले. यात केवळ शाकाहारी नाहीत, सर्वच आले. खेळाडूस याखेरीज आणखी गळती असते. घामावाटे थोडे लोह जाते. लांब पल्ल्याच्या धावण्यात तळव्यांवर पडणाऱ्या आघातांनी काही तांबड्या पेशी फुटतात. मुलींस मासिक पाळी असते. शिवाय कठोर व्यायामानंतर यकृतातून हेप्सिडिन नावाचा पदार्थ अधिक स्रवतो आणि व्यायाम संपल्यावर तीन ते सहा तास तो आतड्यातील लोहाचे शोषण मंदावतो. म्हणून लोहाची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती सरावाच्या आधी सकाळी, किंवा सराव संपताच घ्यावी. दुपारपर्यंत ठेवू नये.

वनस्पतींतील लोह मुळातच कमी शोषले जाते. धान्या-कडधान्यांतील फायटेट व चहातील टॅनिन त्यास आणखी अडवितात. लिंबू, आवळा, पेरू, कोथिंबीर यांतील क जीवनसत्त्व त्याची वाट मोकळी करते. यावरून स्वयंपाकघरात करावयाची कामे आपोआप ठरतात. कडधान्यास मोड आणावेत, पीठ आंबवावे, कारण त्याने फायटेट घटते. उसळीवर लिंबू पिळावे. फोडणीस लोखंडी कढई वापरावी. तव्याचे व कढईचे थोडे लोह अन्नात उतरते, विशेषतः पदार्थ आंबट असेल तर. अळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीसाठी राखून ठेवू नयेत, खेळणाऱ्या मुलीसही द्यावेत. आणि जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. तासाभराचे अंतर ठेवावे. पालकाविषयी मात्र आपल्या समाजात जी श्रद्धा आहे ती थोडी कमी झाली तर बरे. त्यातील लोह शरीरास फारसे लागत नाही. कडधान्य, बाजरी, अळीव व तीळ यांचा भरवसा अधिक. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावे. फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना कोठी रिकामी झालेली असू शकते, आणि रिकामी झाल्याचे खेळाडूच्या पायांस आधी कळते.

शाळांतून कुमारवयीन मुलांस आठवड्याला जी निळी गोळी मिळते, तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती गटारात टाकू नये, एवढी सूचना मुलांस घरी द्यावी. फॉलिक आम्लाच्या शोधाशी आपल्या मुंबईचा जवळचा संबंध आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले.

परंतु शाकाहारी घराची खरी कमतरता आहे ती ब-१२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजंतू तयार करतात; वनस्पतीत ते भरवशाचे असे नसतेच. शाकाहाऱ्यास ते दुधा-दह्या-ताकातून मिळते, तेही मोजकेच. दूध वारंवार उकळल्याने त्यातील काही अंश नष्टही होतो. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून तूट सावकाश व न कळत येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत शेकडा ६७ जणांत ब-१२ अपुरे होते, आणि शहरातील मध्यमवर्गात हे प्रमाण शेकडा ८१ होते. शहरी मध्यमवर्ग म्हणजे तरी कोण? या मांडवात बसलेले आपण सर्व! ज्या आईच्या शरीरातच ते अपुरे आहे, तिच्या मुलाचा साठा जन्मापासूनच उणा असतो. हातापायांस मुंग्या, जीभ लाल व हुळहुळी होणे, विसराळूपणा, थकवा ही त्याची लक्षणे होत. येथे एक धोक्याची गोष्ट आहे. नुसत्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून दोन्ही तपासावीत. ब-१२ ची गोळी सूक्ष्मजंतूंच्या किण्वनातून तयार होते, त्यामुळे ती घेण्यास कोणत्याही शाकाहारी घरात आडकाठी नसावी. कॅप्सूलचे वेष्टन मात्र पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांस त्याचे वावडे आहे त्यांनी औषधविक्रेत्याकडे साधी गोळी मागावी.

कॅल्शियमविषयी फार बोलण्याची गरज नाही. कुमारवयात रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते, शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० असते आणि मोठ्या पेल्याभर दुधात ३०० च्या जवळपास. ड जीवनसत्त्वाविषयी एक समज दूर करावयाचा आहे. पहाटेचे कोवळे ऊन अंगावर घेतल्याने ते मिळते असे सर्वत्र सांगतात. वास्तविक त्यास लागणारे किरण दुपारी अकरा ते दोनच्या उन्हात असतात. बंद सभागृहात खेळणाऱ्या बॅडमिंटनपटूंनी व टेबल टेनिसपटूंनी हे ध्यानात ठेवावे.

आता जो विषय काढतो तो या व्यासपीठावर पूर्वी निघाला नसेल. आईने मुलीच्या पाळीची नोंद ठेवावी. सराव वाढला आणि तीन महिने पाळी आली नाही, तर काही जणी ‘बरे झाले, स्पर्धेत अडचण नाही’ असे म्हणतात. तसे मुळीच नाही. खाणे कमी आणि श्रम अधिक असे फार दिवस चालले, की शरीर आधी प्रजननाचे व हाडांच्या बांधणीचे काम आवरते घेते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेस स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला, आणि ही अवस्था मुलांतही येते हे स्पष्ट केले. हाडांत जमा करावयाचे धन विशीपर्यंतच बहुतांशी जमा होते. सोळाव्या वर्षी पायाच्या हाडास भेग पडलेली मुलगी आली, तर आम्ही प्रथम तिच्या पाळीची व जेवणाची चौकशी करतो. भाजीपाला व चोथा यांनी शाकाहारी माणसाचे पोट लवकर भरते; म्हणून खेळणाऱ्या मुलांच्या पोळीवर तूप घालण्यास, त्यांस दाण्याची व जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे देण्यास कचरू नये.

उपवासाची गोष्ट ओघानेच आली. आम्ही उपवासाच्या विरुद्ध नाही. परंतु सोमवार, गुरुवार, चतुर्थी व एकादशी असे सर्व धरले तर महिन्याचे दहा-बारा दिवस भरतात, आणि साबुदाण्यात पिष्ठाखेरीज जवळजवळ काही नाही. खिचडीत जे काही सत्त्व असते ते दाण्याच्या कुटाचे. उपवासच करावयाचा तर राजगिरा, दूध, दही, वरई व दाण्याची आमटी यांवर करावा. निर्जळी असेल त्या दिवशी सराव करू नये. दोन्हीपैकी एक काहीतरी त्या दिवसापुरते सोडावे.

शेवटी पाण्याकडे वळतो. खेळताना पाणी प्यायल्याने दम तुटतो, असे सांगणारे शिक्षक अजूनही भेटतात. शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन इतके पाणी घामावाटे गेले की दीर्घ श्रमाची शक्ती घटू लागते. ५० किलोच्या मुलाच्या बाबतीत हे म्हणजे अवघे एक लिटर. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उकाड्यात ते तासाभरात जाऊ शकते. कोणास किती घाम येतो हे ओळखण्यास महागडे यंत्र नको. सरावापूर्वी व नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले म्हणजे एक लिटर गेले. पुढील काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यावे, कारण काही भाग लघवीवाटे जातोच. लघवी लिंबाच्या सरबताच्या रंगाची असेल तर ठीक, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे.

सराव तासाभराचा असेल तर साधे पाणी पुरे. त्याहून अधिक चालला, तर मीठ व साखर दोन्ही हवीत. दोन्ही का, हे सांगणे मनोरंजक आहे. आतड्याच्या अस्तरात साखर व मीठ यांस जोडीने आत घेणारे एक दार असते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. खेळाडूसाठी आमचे प्रमाण असे : एक लिटर पाण्यात साखरेचे दहा सपाट चहाचे चमचे, पाव चमचा मीठ व एका लिंबाचा रस. पन्हे, कोकम सरबत, मीठ घातलेले ताक हीही उत्तम. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर परंतु सोडियम थोडे, म्हणून एकट्या शहाळ्यावर विसंबू नये. बाटलीतील गोड पेयांत साखर इतकी असते की ती पोटात रेंगाळतात.

अतिरेक मात्र या बाबतीतही नको. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या धावपटूंचे रक्त तपासले, त्यांत शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाहून खाली गेलेले होते, आणि त्याचे मुख्य कारण गरजेपेक्षा अधिक प्यायलेले द्रव हे होते. शर्यतीनंतर वजन घटण्याऐवजी वाढले, तर ते अति पिण्याचे चिन्ह समजावे.

कबड्डी व कुस्तीच्या वजनगटांविषयी पालकांस कळकळीने सांगावयाचे आहे. वजन घेण्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून, रबरी सदरा घालून धावावयास लावणे हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीर तीन तरुण अशा रीतीने वजन उतरविताना साधारण महिनाभराच्या अवधीत मरण पावले. त्यानंतर तेथील नियम बदलले. आपल्या मुलास असे करण्यास कोणी सांगितले, तर त्यास वरच्या गटात खेळवावे, नाहीतर त्या स्पर्धेत खेळवूच नये.

आपल्या मंडळाच्या क्रीडास्पर्धा मे महिन्याच्या सुटीत होतात आणि धावण्याच्या शर्यती पाहुण्यांच्या सोयीसाठी दुपारी चारला ठेवलेल्या असतात. त्या सकाळी सातला घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. थंड हवेतून किंवा परगावाहून येणाऱ्या मुलांच्या शरीरास उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्यांस आल्या दिवशीच लांब पल्ल्यास उभे करू नये. धावता धावता कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या खाऊ लागले, तर वारा घालीत वाट पाहू नये. सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, बर्फ असेल तर तो लावावा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. मैदानाच्या दोन्ही टोकांस एकेक माठ साध्या पाण्याचा व एकेक लिंबू-मिठाच्या पाण्याचा असावा, आणि दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून ज्यास हवे त्यास ते द्यावे. वजनकाटा आम्ही घेऊन येऊ. माठांची व लिंबांची व्यवस्था महिला शाखेने पाहावी, अशी विनंती आहे. किती लिंबे लागतील याचा अंदाज चिटणिसांकडे लिहून दिलेला आहे.